अळकुड्या आणि रताळी : तैवानमधले 'परप्रांतीय'

शिंचूकर

मागे फराळाच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेलो की तैवानमध्ये 'वाइशेंगरेन' ही शिवी आहे की नुसती ओळख, ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरतं. त्यावर दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, 'कोण हे लोक?' व्यनित मावणारं प्रकरण नाही, म्हणून हा धागा.

वाइ म्हणजे बाहेर, शेंग म्हणजे प्रांत, रेन म्हणजे माणूस. शब्दाला शब्द ठेवला तर चक्क 'परप्रांतीय'. जपानने १९४५ मध्ये तैवान सोडल्यावर, आणि मुख्यतः १९४९ मध्ये च्यांग कै-शेकचं कुओमिन्तांग (राष्ट्रवादी पक्ष) सरकार यादवी युद्ध हरून पळालं तेव्हा, चीनमधून तैवानला आलेले लोक आणि त्यांची मुलंनातवंडं. त्याआधी दोन-तीनशे वर्षांपासून तिथे वसलेले फुच्येन आणि क्वांगतुंगकडचे चिनी ते 'बेनशेंगरेन', याच प्रांतातले. आपल्याकडे परप्रांतीय म्हटलं की टॅक्सी आणि भेळेची गाडी डोळ्यासमोर येते. तिथल्या जुन्या लोकांसमोर हा शब्द काढला की त्यांना फौजदार, हेडमास्तर आणि सरकारी बाबू दिसतो. आता टॅक्सीवालेही त्यांच्यातच होते, आणि बरेच होते, पण ते कोणाला आठवत नाहीत.

माझ्यापुरता हा विषय तळमजल्यावर सुरू झाला. २०११ मध्ये पीएचडीला शिंचूला आलो, जुन्या चार मजली इमारतीत खोली घेतली. खाली एक आजोबा एकटे राहायचे, ऐंशी पार केलेले. पहाटे चारला उठून कणीक मळायचे, मांतौ (वाफवलेले गव्हाचे पाव, आत काही नाही) करून सातपर्यंत कोपऱ्यावर विकून मोकळे. माझं चिनी तेव्हा बाळबोध होतं. आजोबांचं एक अक्षर कळायचं नाही, मला वाटायचं दोष माझाच. एकदा लॅबमधल्या तैवानी मैत्रिणीला सोबत नेलं, तर तिलाही निम्मंच कळलं. आजोबा चीनमधल्या शानतुंग प्रांतातल्या खेड्यातली बोली बोलत होते. तैवानात सत्तावन्न वर्षं काढून त्यांना ना तिथल्या जुन्या चिनी लोकांची होक्कियन बोली आली, ना शाळेतली मांडारिन, म्हणजे प्रमाण चिनी.

उन्हाळ्यात बनियनवर बसायचे. सगळा हात सुरकुतलेला, पण डाव्या कोपराखाली तळव्याएवढा भाग गुळगुळीत, ताणलेला, गुलाबीसर. भाजलं असणार, म्हणून मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनीच सांगितलं. तिथे चार अक्षरं गोंदलेली होती : 'शा चू पा माओ'. कम्युनिस्टांचा सेनापती चू तेह, त्याला मारा, आणि माओला उपटा. पण 'चू' म्हणजे डुक्करही आणि 'माओ' म्हणजे केसही, त्यामुळे ऐकताना 'डुक्कर कापा, केस उपटा' असंही होतं. शाळकरी पोरांचा विनोद, तोही कातडीवर.

१९४७ मध्ये, सतराव्या वर्षी, बाजारातून घरी येताना कुओमिन्तांगच्या तुकडीने त्यांना धरून नेलं आणि हातात बंदूक दिली. दीडेक वर्षात ती तुकडी कम्युनिस्टांच्या हाती लागली, मग टोपी बदलून तीच माणसं त्यांच्या सैन्यात. तिथून कोरियाचं युद्ध. तिथे अमेरिकनांनी पकडलं आणि कोजे बेटावरच्या छावणीत टाकलं. छावणीत चिनी कैद्यांचे दोन तट. च्यांगच्या बाजूच्या टोळीने बराकीतल्या पोरांना गोंदवून घेतलं, काहींना त्यांच्या मर्जीने, बऱ्याच जणांना मर्जी न विचारता. एकदा ते हातावर आलं की माओच्या चीनमध्ये परत जायची सोय संपली. जानेवारी १९५४ मध्ये असे सुमारे चौदा हजार युद्धकैदी तैवानला आणले गेले. सरकारने त्यांना कम्युनिझमविरोधी वीर म्हणून मिरवलं आणि २३ जानेवारी हा 'स्वातंत्र्य दिन' करून टाकला.

२ नोव्हेंबर १९८७ पासून तैवान सरकारने चीनमधल्या नातलगांना भेटायला जाऊ दिलं. आजोबा पुढच्या वर्षी गेले. जायच्या आधी त्यांनी ते गोंदण डॉक्टरकडून कापून काढून घेतलं, तोच हा चट्टा. गावात आई नव्हती. धाकटा भाऊ होता, पण तो पुढे येण्याआधी शेजारीपाजारी 'तैवानचा पाहुणा आला' म्हणून जमले. आजोबांनी नेलेल्या सोन्याच्या अंगठ्या दोन दिवसांत संपल्या. "चाळीस वर्षं इथे बाहेरचा म्हणाले, तिकडे गेलो तर तिथेही बाहेरचा," असं म्हणून ते हसले. त्या पिढीतले निम्मे लोक हेच वाक्य बोलतात, घासून घासून गुळगुळीत झालंय. त्या चट्ट्याकडे बघत ऐकलं म्हणून मला ते वेगळं वाटलं असेल.

शीर्षकाचं : बेटाचा आकार रताळ्यासारखा, म्हणून होक्कियन बोलणारे स्वतःला 'हान-त्सी', रताळं, म्हणवतात. म्हाताऱ्या परप्रांतीय सैनिकांना त्यांनी नाव ठेवलं 'लाउ ओ-आ', जुनी अळकुडी. दोघांचं लग्न झालं तर पोरं 'अळकुडी-रताळं'.

विचारा काय विचारायचं ते. राजकारणावर भांडण होणार हे गृहीत धरलंय.

वरणफळं

वाचनखूण साठवली. किती लोक आले एकूण? आणि सगळे एकत्र राहिले की पांगले?

शिंचूकर

आकड्यावर एकमत नाही. जुन्या लिखाणात वीस लाख सापडतं, आता बरेच अभ्यासक दहा-बारा लाखांच्या आसपास धरतात. बेटावर आधीचे साठेक लाख. म्हणजे पाचसहा माणसांमागे एक नवा, आणि त्यात तरुण पुरुषच जास्त, कारण अख्खं सैन्य आलं होतं.

सैनिकांच्या कुटुंबांसाठी वस्त्या झाल्या, त्यांना 'ज्युएनत्सुन' म्हणतात. बांबूचे कूड, वर चिखलाचा गिलावा, पलीकडच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येईल इतकी पातळ भिंत. च्यांगबाईंच्या, म्हणजे सुंग मेइ-लिंग यांच्या महिला संघाने देणग्या गोळा करून बरीच घरं बांधून दिली. अशा साडेआठशेवर वस्त्या होत्या. आमच्या शिंचूत हवाईदलाचा तळ असल्याने इथेच चाळीसवर. एका गल्लीत सेचुआन, हुनान, चेच्यांग, शानतुंग शेजारी शेजारी, प्रत्येकाची बोली वेगळी, मिरचीचं प्रमाण वेगळं. पोरं मात्र गल्लीत खेळून एकसारखं मांडारिन बोलायला लागली. या वस्त्यांतून आलेली 'दुसरी पिढी' तैवानच्या सिनेमा, गाणी आणि साहित्यात खच्चून भरलेली आहे. गायिका तेरेसा तेंग ही अशीच एका सैनिकाची मुलगी, १९५३ मध्ये युनलिन जिल्ह्यात जन्मलेली.

घरं इतकी कच्ची का, तर परत जायचंच होतं. सरकारी घोषणा होती : एक वर्ष तयारी, दोन वर्षांत प्रतिहल्ला, तीन वर्षांत साफसफाई, पाच वर्षांत फत्ते. पाच वर्षांसाठी कोण विटा आणणार?

त्याच हिशेबाने १९५२ मध्ये सैनिकांच्या लग्नावर बंधनं आली. तरुण आणि खालच्या हुद्द्याचा असेल तर लग्न नाही. लढाईला जायचंय, संसार कशाला? पुढे नियम सैल झाले, तोवर हजारो लोकांची वयं उलटून गेली. काहींनी चाळिशीत डोंगरातल्या आदिवासी किंवा गरीब हाक्का (बेनशेंगांतलाच वेगळ्या बोलीचा समाज) घरातल्या, वयाने निम्म्या मुलींशी लग्न केलं. बरेच तसेच राहिले. माझे आजोबा त्यातलेच.

आणि जमीन! १९५१ मध्ये कायदा केला की लढलेल्या प्रत्येक सैनिकाला चीन जिंकल्यावर तिथे शेतजमीन मिळेल. त्याची छापील प्रमाणपत्रं वाटली. शत्रूच्या ताब्यातल्या शेताचा सातबारा म्हणा. लोकांनी ती तीस-पस्तीस वर्षं ट्रंकेत सांभाळली. शेवटी १९९० मध्ये सरकारने कायदा करून ती परत घेतली आणि पन्नास हजार ते पाच लाख तैवानी डॉलर हातावर ठेवले. आजोबांना पन्नास हजार मिळाले. त्यातून कणीक मळायचं यंत्र घेतलं.

भाऊ_तिरसट

लेख छान, पण आजोबांच्या आडून तुम्ही इतिहास गोड करताय. या लोकांनी चाळीस वर्षं बेटावर राज्य केलं. २८ फेब्रुवारी १९४७ चं हत्याकांड कुठे गेलं तुमच्या लेखात? २० मे १९४९ ला लावलेला मार्शल लॉ १५ जुलै १९८७ ला उठला, अडतीस वर्षं. १९४७-४८ मध्ये चीनमध्ये निवडून आलेले खासदार १९९१ च्या डिसेंबरपर्यंत तैपेईत खुर्चीवर बसून होते, निवडणूकच नाही. ऑक्सिजनच्या नळ्या लावून मतदानाला आणायचे म्हणे. सरकारी नोकरीच्या परीक्षेत प्रांतवार कोटा, म्हणजे चीनच्या पस्तीस प्रांतांत तैवान एक. जागा कोणाला जाणार ते सांगायला नको. एका पावविक्याचं दुःख दाखवलं म्हणून हे पुसलं जात नाही.

चकली

भाऊंचं मला पटतं, पण जरा घरातून सांगते. माझे सासरचे ताइनानचे, पक्की रताळी. सासरे १९५० चे. शाळेत होक्कियन बोलले की दंड, आणि गळ्यात लाकडी पाटी : 'मी बोली बोलणार नाही.' दुसरा कोणी बोलताना सापडेपर्यंत ती पाटी काढायची नाही, म्हणजे पोरं एकमेकांवर पाळत ठेवणार. आजही मांडारिनमध्ये 'र' म्हणताना ते अडखळतात आणि नातवंडं हसली की उठून जातात.

त्यांच्या घरात ४७ सालचा विषय कधी निघत नसे. सासऱ्यांचे मोठे काका तेव्हा गेले, एवढं माझ्या नवऱ्याला कळलं ते कॉलेजात असताना, म्हणजे मार्शल लॉ उठून कितीतरी वर्षांनी. सासऱ्यांच्या आजी काकांचा फोटो कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवायच्या. भिंतीवर च्यांग कै-शेक आणि कपाटात मुलगा.

आता पुढचं. माझ्या नणंदेने १९९८ मध्ये लग्न ठरवलं ते काओश्युंगच्या नौदल वस्तीतल्या मुलाशी. सासरे सहा महिने बोलले नाहीत. मुलाचे वडील साधे जहाजावरचे मेकॅनिक, घरात दोन खोल्या. सासऱ्यांचं एकच : 'ओ-आ आहे.' मग एकदा व्याही आले, सोबत स्वतः घातलेल्या मिरचीच्या लोणच्याची बरणी. दोघांना एकमेकांचं बोलणं धड कळत नव्हतं. त्यांनी काओलियांग (ज्वारीची दारू, भलतीच कडक) उघडली आणि रात्री दोनपर्यंत बसले. काय बोलले ते कोणालाच माहीत नाही. लग्न झालं.

शिंचूकर

चकलीताई, हे तुम्ही वेगळा धागा काढून लिहा.

भाऊ, मुद्दा मान्य, आणि ते ४७ साल मी नीट लिहायला हवं होतं. २७ फेब्रुवारीला संध्याकाळी तैपेईत तंबाखू मक्तेदारी खात्याच्या माणसांनी चोरून सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला बंदुकीच्या दस्त्याने मारलं, जमाव जमला, त्यातला एक गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी बेट पेटलं. पहिल्या दिवसांत जमावानेही परप्रांतीयांना गाठून मारलं. समोरच्याला जपानी किंवा होक्कियन येते का ते बघायचे, नाही आली तर चोप. मार्चच्या ८ तारखेला चीनहून आणलेलं सैन्य कीलुंग बंदरात उतरलं आणि मग खरी कत्तल झाली. शिकलेली माणसं वेचून मारली : डॉक्टर, वकील, संपादक. १९९२ च्या सरकारी अहवालात मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार आहे. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुइ यांनी सरकारतर्फे माफी मागितली.

पण एक तारीख बघा. ती कत्तल मार्च १९४७ ची. परप्रांतीयांचा मोठा लोंढा आला १९४८ च्या शेवटापासून. माझे आजोबा त्या मार्चमध्ये शानतुंगात शेण गोळा करत होते. म्हणजे बहुतेकांनी ते पाहिलंही नाही, पण बोटीतून उतरल्या उतरल्या त्या हिशेबाचे देणेकरी झाले. आणि का झाले हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण विषय काढायलाच बंदी. चकलीताईंच्या सासरी फोटो घडीखाली, आणि वस्तीतल्या पोरांना पत्ता नाही की शेजारच्या गावातले लोक आपल्याकडे असं का बघतात. १९८७ नंतर एकदम सगळं बाहेर आलं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना तो आपल्यावरचा हल्ला वाटला.

दुसरं, राज्य 'या लोकांनी' केलं हे अर्धं खरं. राज्य च्यांग घराणं, पक्ष आणि गुप्त पोलिसांनी केलं, आणि वरच्या खुर्च्या जवळपास सगळ्या परप्रांतीयांकडे होत्या हे शंभर टक्के. पण त्याच पोलिसांनी परप्रांतीयांनाही सोडलं नाही. जुलै १९४९ मध्ये शानतुंगहून शिक्षकांबरोबर पळून आलेले हजारो शाळकरी विद्यार्थी पेंगहू बेटावर उतरवले आणि शिकवायचं सोडून त्यांना जबरदस्तीने सैन्यात भरलं. विरोध करणाऱ्यांवर संगिनी चालवल्या. मुख्याध्यापक चांग मिन-चिर आणि त्झौ च्येन यांना पाच विद्यार्थ्यांसह कम्युनिस्ट हेर ठरवून डिसेंबरमध्ये तैपेईत गोळ्या घातल्या. याला 'परप्रांतीयांचं २२८' म्हणतात (२२८ म्हणजे २८ फेब्रुवारी, ४७ सालचं ते हत्याकांड). बेनशेंग माणसाला निदान गाव होतं, काका-मामा होते. या पोरांना विचारायला येणारंही कोणी नव्हतं.

काळी_मांजर

पोपायचा किस्सा यातलाच ना? अर्धवट ऐकलाय.

शिंचूकर

हो, तो पो यांग, हाही परप्रांतीय, होनानचा. वर्तमानपत्रात अमेरिकन पोपायची चित्रपट्टी भाषांतर करायचा. १९६८ मध्ये एका पट्टीत पोपाय आणि त्याचं पोरगं एक बेट विकत घेतात, दोघंच राजे, आणि निवडणुकीची भाषणं ठोकतात. बाप, मुलगा, बेट. च्यांग आणि त्यांचे चिरंजीव च्यांग चिंग-कुओ यांची टिंगल केली असं ठरलं आणि हा माणूस नऊ वर्षं आत. बराच काळ हरित बेटावर, समुद्रातल्या तुरुंगात.

लेइ चेन त्याहून मोठं नाव. चेच्यांगचा, एके काळी च्यांगचा विश्वासू. 'स्वतंत्र चीन' नावाचं मासिक चालवायचा. बेनशेंग पुढाऱ्यांना सोबत घेऊन विरोधी पक्ष काढायला निघाला आणि सप्टेंबर १९६० मध्ये उचलला. दहा वर्षं पूर्ण भोगून सुटला. रताळी आणि अळकुड्या एका टोपलीत येताहेत हे सरकारला सगळ्यात जास्त खटकलं, असं माझं मत.

जुना_रेडिओ

आमच्या कल्याणजवळची उल्हासनगर छावणी आठवली. फाळणीनंतर सिंधी आले, लष्कराच्या बराकीत राहिले. आजी सांगायची, स्टेशनवर गोळ्या-बिस्किटं विकणारी माणसं कालपर्यंत वाड्यात राहत होती. गंमत म्हणजे उल्हासनगर हे नावही १९४९ चंच.

भाऊ_तिरसट

साम्य तेवढंच. सिंधी मंडळींनी मुंबई राज्याचं मंत्रिमंडळ सोबत आणलं नव्हतं. शाळेत मराठी बोलणाऱ्या पोरांना सिंधी बोलायला लावून पाट्या अडकवल्या नव्हत्या. बराकीची तुलना होईल, हुकमाची होणार नाही.

जुना_रेडिओ

हे बरोबर. मागे घेतो.

रेडिओवरून आठवलं, तैपेईत नकाशा बघून चक्रावलो होतो. रस्त्यांना चीनच्या शहरांची नावं आणि तीही दिशेप्रमाणे! शहराच्या ईशान्येला चांगचुन आणि चीलिन, नैर्ऋत्येला छेंगतू, कुनमिंग. गाइड म्हणाला, घरची आठवण यायची म्हणून १९४९ नंतर ठेवली.

शिंचूकर

गाइड सगळे हेच सांगतात, ऐकायला बरं वाटतं. पण नावं १९४७ ची आहेत, सरकार पळून यायच्या दोन वर्षं आधीची. शांघायहून आलेल्या एका वास्तुविशारदाने चीनचा नकाशा तैपेईवर पसरला आणि जपानी नावं पुसली. आठवणीचा त्यात संबंध नव्हता, मालकी दाखवायची होती. पुढे लोकांना तिथे आठवण सापडली ती गोष्ट वेगळी.

मिसळ_कट

खाण्याचं कोणी बोलणारच नाही का? तैवानचं 'राष्ट्रीय' खाणं म्हणजे बीफ नूडल सूप, आणि ते परप्रांतीयांनी आणलं. जुन्या बेनशेंग शेतकरी घरांत बीफ चालतच नसे, नांगर ओढणाऱ्या जनावराला कसं खायचं म्हणून. (वाचून ओळखीचं वाटलं ना?) काओश्युंगजवळच्या कांगशानला हवाईदलाची मोठी वस्ती, तिथल्या सेचुआनी लोकांनी घरची आठवण म्हणून मिरची आणि बीन्सची पेस्ट घालायला सुरुवात केली. त्यातून तो लाल रस्सा झाला असं सांगतात. गंमत म्हणजे सेचुआनमध्ये जाऊन 'तैवानसारखं' सूप मागितलं तर मिळत नाही. गहूही तसाच. बेट भातखाऊ. अमेरिकेच्या मदतीतून मैद्याची पोती यायला लागली आणि हे मांतौ, शाओपिंग (भाजलेली तिळाची रोटी), सोयादुधाबरोबर योउत्याओ (कणकेच्या तळलेल्या लांब कांड्या) सगळ्यांच्या न्याहारीत शिरले. त्या रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवायचे, बुडावर 'चीन-अमेरिका सहकार्य' छापलेलं.

जगभर शाखा असलेलं तिंग ताइ फुंग माहीत असेल, डंपलिंगवालं. त्याचे संस्थापक यांग पिंग-यी हे शान्शीचे, १९४८ मध्ये आलेले. आधी खाद्यतेलाचं दुकान होतं, १९७२ मध्ये धंदा बसला म्हणून डंपलिंगकडे वळले.

वरणफळं

चड्डी वाचून चहा नाकात गेला.

माझा दुसरा प्रश्न राहिलाय. कम्युनिस्टांशी लढून आलेली ही माणसं. मग आज त्यांच्याबद्दल 'चीनधार्जिणे' असं का म्हणतात?

शिंचूकर

मला सगळ्यात जास्त डोकं खाजवायला लावणारा भाग हाच.

त्यांची लढाई 'चीन कोणाचा' यावर होती, 'आपण चिनी आहोत का' यावर नव्हतीच. नव्वदच्या दशकात तैवानमध्ये प्रश्नच बदलला. १९९२ मध्ये सरकारी नोंदीतून वडिलोपार्जित प्रांताचा रकाना काढला, त्याजागी जन्मस्थळ आलं. कागदावर परप्रांतीय संपले. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला. शाळेत चीनच्या नद्यांऐवजी तैवानच्या नद्या शिकवायला लागले. ज्यांचं उभं आयुष्य 'परत जायचंय' या वाक्यावर गेलं, त्यांना पेइचिंगच्या (बीजिंगच्या) झेंड्यापेक्षा स्वतंत्र तैवानची जास्त भीती वाटायला लागली. पेइचिंग निदान त्यांना चिनी म्हणत होतं.

त्यात पेन्शनची भर. सैनिक, शिक्षक, सरकारी नोकर यांना निवृत्तीच्या ठरावीक ठेवीवर १८ टक्के व्याज मिळायचं. २०१८ च्या सुधारणेत ते कापलं, मोर्चे निघाले, टीव्हीवर म्हातारे अधिकारी पोलिसांशी झटापट करताना दिसले. तरुणांनी शिक्का मारला : बसून खाणारे परप्रांतीय. आता १८ टक्केवाल्यांत बेनशेंग मास्तरही ढिगाने होते, आणि आजोबांसारखे पन्नास-साठच्या दशकात किरकोळ पैसे घेऊन सैन्यातून बाहेर पडलेले शिपाई त्यात नव्हतेच. त्यांना निवृत्त सैनिक खात्याने १९५६ ते १९६० डोंगर फोडून बेट ओलांडणारा रस्ता बांधायला नेलं. तारोकोच्या दरीत फिरायला जाता ना, तो रस्ता. सुरुंग, दरडी आणि भूकंपात दोनशेवर माणसं गेली, धबधब्यावरचं देऊळ त्यांच्यासाठी आहे. आजोबा तिथे दोन वर्षं होते. दोरीला लटकून छिन्नी मारायचे. रस्त्याबद्दल विचारलं की फक्त दोरीच्या जाडीबद्दल बोलायचे.

भाऊ_तिरसट

बरं, पण मतदानात तर ते एकगठ्ठा एका बाजूला पडतात ना अजून?

चकली

म्हातारे पडतात. पोरांचं तसं राहिलं नाही. नणंदेची मुलं अळकुडी-रताळी, दोघंही विशीत. त्यांना 'तुम्ही कोण' विचारलं तर 'तैवानी', आणि पुढे कशाला विचारता असा चेहरा. आजोबांच्या गावी हुनानला एकदा नेलं होतं, मुलीची तक्रार एवढीच की गूगल चालत नाही.

शिंचूकर

आकडेही तेच सांगतात. तैपेईचं चेंगची विद्यापीठ १९९२ पासून दरवर्षी विचारतं : तुम्ही तैवानी, चिनी, की दोन्ही? पहिल्या वर्षी फक्त चिनी म्हणणारे चारात एक होते, फक्त तैवानी म्हणणारे त्याहून कमी. आता फक्त तैवानी साठ टक्क्यांच्या वर आणि फक्त चिनी दोन-तीन टक्के. परप्रांतीय आणि त्यांची मुलंनातवंडं लोकसंख्येत बारा-तेरा टक्के धरतात, म्हणजे त्यांच्यातलेही बहुतेक त्या रकान्यातून उठले.

१९९८ मध्ये तैपेईच्या महापौरपदासाठी मा यिंग-चिउ उभे होते, कुटुंब हुनानचं, जन्म हाँगकाँगचा. व्यासपीठावर ली तेंग-हुइंनी त्यांचा हात वर करून विचारलं, तू कुठला? मा यांनी मोडक्यातोडक्या होक्कियनमध्ये उत्तर दिलं, मी तैवानचं पाणी पिऊन, तैवानचा भात खाऊन वाढलेला नवा तैवानी. निवडून आले, दहा वर्षांनी राष्ट्राध्यक्षही झाले. आमच्या लॅबमध्ये आजही कोणाचं होक्कियन फसलं की 'नवा तैवानी' म्हणून चिडवतात.

काळी_मांजर

सगळे भांडताहेत, पण खरे 'याच प्रांतातले' आदिवासी. त्यांच्या दृष्टीने अळकुडी काय आणि रताळं काय, दोन्ही बोटीतूनच आलेली.

चकली

मांजरबाई, टाळ्या. आमच्याकडे हे वाक्य जेवणाच्या टेबलावर बोलून बघितलं होतं. शांतता.

वरणफळं

शिंचूकर, आजोबा आहेत का अजून?

शिंचूकर

नाही. २०१६ च्या हिवाळ्यात गेले. वारस कोणी नाही, म्हणून निवृत्त सैनिकांच्या खात्यातला एक पोरगेला कर्मचारी फॉर्म घेऊन आला आणि इमारतीतल्या आम्हा चौघांना साक्षीदार म्हणून सह्या करायला लावल्या. फॉर्मवर माझं नाव चिनी अक्षरांत कसं लिहायचं यावर त्याचा अर्धा तास गेला. चीनमधला पुतण्या उन्हाळ्यात येऊन अस्थी घेऊन गेला. कणकेचं यंत्र मागे राहिलं होतं, ते घरमालकाने भंगारात घातलं.

जुना_रेडिओ

पुढच्या महिन्यात तैपेईत दोन दिवस मोकळे आहेत. या विषयातलं काय बघू?

शिंचूकर

पहिल्या दिवशी सकाळी २२८ शांतता उद्यान आणि तिथलं संग्रहालय, जुन्या आकाशवाणी केंद्राच्या इमारतीत आहे, तुमच्या नावाला साजेसं. मग नदीकाठी माचांगतिंगला जा, पन्नासच्या दशकात राजकीय कैद्यांना तिथे गोळ्या घालायचे. आता गवताची टेकडी आणि सायकलवाले. संध्याकाळी कुंगकुआनजवळचं पाओत्सांगयेन, नदीच्या चढावर निवृत्त सैनिकांनी परवानगीशिवाय बांधलेल्या खोपटांची वस्ती, आता चित्रकारांना दिली आहे. चढ आहे, बूट घाला.

दुसऱ्या दिवशी सिसि नानत्सुन, ही शस्त्र कारखान्यातल्या कामगारांची १९४८ ची वस्ती, तैपेई १०१ या गगनचुंबी इमारतीच्या पायथ्याशी. चारच ओळी उरल्यात, आत कॅफे. तिथून ताआन वनोद्यान जवळ आहे. १९९४ मध्ये खुलं झालं, त्याआधी तिथे अशाच वस्त्या होत्या, आता झाडांशिवाय काही दिसत नाही. जेवायला कुठेही बीफ नूडल, आणि खात नसाल तर टोमॅटो-अंड्याचं मागा, बहुतेक ठिकाणी करून देतात. सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात.